नीट हुकली, बीपीएमटी करू का?

सांगलीकर_बारावी: मार्क कमी पडले, रिपीट करायची इच्छा नाही. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) बघतोय, पण लॅब घेऊ की डायलिसिस तेच कळेना, घरचे म्हणतात फार्मसी कर.

लॅबवाली_ताई: लॅब घे रे. ट्यूब लेबल करा, सेंट्रीफ्यूजला (रक्त गरगर फिरवून वेगळं करणारं मशीन) लावा, सॅम्पल हिमोलाइज झालं, म्हणजे रक्तपेशी फुटल्या, की परत रक्त मागवा आणि वॉर्डातल्या सिस्टरची बोलणी खा 😀 पण काम तालुक्यालाही मिळतं.

निशाचर: डायलिसिसला मागणी आहे, पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतो, चार-चार तास मशीनवर, त्यामुळे ओळखी होतात. पगार मात्र सुरुवातीला बेताचाच, घरी आधीच सांगून ठेव.

लॅबवाली_ताई: आणि कॉलेजची मान्यता बघ, 2021 च्या कायद्याने अलाईड हेल्थला (लॅब, डायलिसिस असल्या कोर्सेसना) राष्ट्रीय आयोग आलाय, गल्लीतल्या सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटात पैसे घालू नको.