काकांचा मॅक क्लासिक मी रोज चालवतो. भाऊ म्हणतो, कपाटात ठेव. तुमचं काय मत?

लक्ष्मीपुरी_छापखाना
घरात वाद झालाय, म्हणून इथं मांडतो. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या काकांच्या छापखान्यातला मॅकिंटॉश क्लासिक, म्हणजे ॲपलचा जुना कॉम्प्युटर, माझ्याकडं आहे. १९९० चं मॉडेल, ८ मेगाहर्ट्झचा '६८०००' नावाचा प्रोसेसर, ९ इंची काळा-पांढरा पडदा, सगळं एकाच डब्यात. वजन सात किलोच्या आसपास, वरच्या खाचेत बोटं घालून एका हातानं उचलता येतो. रात्री जेवण झालं की तासभर मी त्यावर लिहितो, काकांनी जुळवलेल्या स्मरणिका उघडून बघतो. भावाचं म्हणणं, असली वस्तू कापड टाकून ठेवायची, नाहीतर दर मिळतोय तोवर विकायची.

मला ते पटत नाही. हे यंत्र कामासाठी केलंय, ते कामातच राहिलं पाहिजे. त्याच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके आहेत आणि छपाईतलं माप, एक पॉइंट, म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. म्हणजे एक ठिपका, एक पॉइंट. काका स्टीलची पट्टी थेट काचेवर ठेवून कॉलमची रुंदी मोजायचे आणि कागदावर तेवढीच यायची. ज्या माणसाची अर्धी हयात शिशाचे खिळे जुळवण्यात गेली, त्याला हे पहिल्यांदा बघून काय वाटलं असेल! ती पट्टी अजून माझ्या टेबलावर आहे. तुमच्या लॅपटॉपवर '१०० टक्के' करून पट्टी लावून बघा, जुळते का.

शाहूपुरी_तळमजला
पट्टीची गोष्ट मनापासून आवडली, पण मी तुमच्या भावाच्या बाजूनं आहे. पिक्चर ट्यूब प्रत्येक तासाला थोडी झिजते आणि तशी ट्यूब आता नवी मिळत नाही. लिहायचंच असेल तर लॅपटॉपवर मिनी व्हीमॅक टाका, तो एम्युलेटर आहे, म्हणजे जुन्या मॅकची नक्कल करणारा प्रोग्राम. तोच मेनू, तीच अक्षरं, झिजणार काही नाही.

माझ्याकडं मॅकिंटॉश एसई होता. २०१९ च्या पुरात व्हीनस कॉर्नरच्या बाजूला आमच्या दुकानात टेबलावर होता, कारण मीही 'रोज वापरतो' म्हणायचो. माळ्यावर असता तर वाचला असता. पाणी ओसरल्यावर त्याच्या झरोक्यांतून चमच्यानं गाळ काढलाय मी. तेव्हापासून माझं मत बदललं.

कळंबा_रोड
मला मुळात या आठवणीच परक्या वाटतात. १९९० साली अमेरिकेत या क्लासिकची किंमत ९९९ डॉलरपासून होती. डॉलर तेव्हा साधारण १७ रुपयांना. त्यावर आयातकर. कर सोडला तरी तो आकडा माझ्या वडिलांच्या वर्षभराच्या पगाराएवढा होतो. कोल्हापुरात किती घरांत होता हो मॅक? आम्ही कॉम्प्युटर पहिल्यांदा पाहिला तो क्लासमध्ये, चपला दाराबाहेर काढून, एसीच्या खोलीत, डॉसच्या काळ्या पडद्यावर. तिघांत एक कीबोर्ड. आपली आठवण जपायची तर ती मशीनं जपायला हवी होती, ती सगळी भंगारात गेली. परदेशात मॅकची हौस आहे म्हणून आपणही त्यालाच कवटाळायचं, हे मला खटकतं.

उद्यमनगर_लेथ
चालवा किंवा कपाटात ठेवा, आत बघितलं नाही तर ते मरणारच. कुणी उघडलंय का ते शेवटचं?

क्लासिकच्या बोर्डावर ३.६ व्होल्टचा लिथियम सेल असतो, अर्ध्या पेन्सिल सेलाएवढा. तो फुटला की आतला रस बोर्ड खातो. कापडाखाली ठेवला तरी खातो. दुसरं, बोर्डावरचे छोटे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग. त्या काळचे ते हमखास गळतात, मशीन चालू असो वा बंद. मग सुरू केलं की पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी किंवा पट्टे येतात आणि लोक म्हणतात, गेलं. बऱ्याचदा गेलेलं नसतं. बोर्ड काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं आणि मऊ ब्रशनं धुवायचा, पुरता वाळवायचा, कपॅसिटर नवे टाकायचे.

उघडायला लांब दांड्याचा टी-१५ टॉर्क्स, म्हणजे चांदणीसारख्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो, वरचे दोन स्क्रू खोल खोबणीत असतात. आम्हाला मिळाला नाही, तर साधा टी-१५ घेऊन लेथवर दांडा वाढवून घेतला. पण ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात, बंद केल्यावरही काही काळ राहू शकतात. जुने टीव्ही दुरुस्त केलेला माणूस शेजारी असल्याशिवाय हात घालू नका.

ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला, त्या गावात यंत्र उघडायला भ्यायचं कशाला? आणि मॅक परका कसा, कळंबा रोड? आमच्याकडं येणारं प्रत्येक इंजिन परकंच होतं, उघडल्यावर आपलं झालं.

जुना_राजवाडा
कपॅसिटर नवे, सेलही नवा, उद्या हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्ड. मग जपलं काय? प्लास्टिकचा डबा? मूळ भाग आहेत तसे राहू द्यावेत, बंद पडला तरी चालेल.

लक्ष्मीपुरी_छापखाना
जुना राजवाडा, बंद पडलेला मॅक काकांच्या फ्लॉप्या वाचणार नाही. आणि एम्युलेटरवाल्यांनाही तेच सांगायचंय. माझ्याकडं ८०० केबीच्या फ्लॉप्यांचे तीन डबे आहेत. त्या लिहिताना ड्राइव्ह आपली गती बदलतो, बाहेरच्या वर्तुळावर सावकाश, आतल्या वर्तुळावर जोरात. पीसीचा साधा ड्राइव्ह एकाच गतीनं फिरतो, त्याला त्या वाचता येत नाहीत.

फाइल कशीबशी बाहेर काढली तरी अडचण संपत नाही. युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या आजच्या सामाईक पद्धतीची, पहिली आवृत्ती १९९१ ची, पण ती छापखान्यांपर्यंत यायला पुष्कळ वर्षं गेली. तोवर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट चालायचे. तो फॉन्ट नसेल तर आजच्या मशीनवर अख्खी स्मरणिका रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसते. या मॅकमध्ये तो फॉन्ट आहे, म्हणून इथं ती मराठीत उघडते.

कळंबा रोड, आमच्याही घरात नव्हता हो. छापखान्यात होता. पण त्यातून निघाल्या त्या इथल्याच लग्नपत्रिका, इथल्याच तालमींचे अहवाल, इथल्याच पतसंस्थांच्या स्मरणिका.

कळंबा_रोड
वडिलांच्या पतसंस्थेची स्मरणिका लक्ष्मीपुरीतच छापली होती, १९९२ च्या सुमारास. त्यात त्यांचा एक लेख होता. घरातली प्रत गेली. बाकी माझं मत तेच आहे, पण तुमच्या डब्यांवर नावं लिहिलेली आहेत का?

शाहूपुरी_तळमजला
मग तर आधी सगळ्या फ्लॉप्यांची नक्कल काढा, दोन ठिकाणी ठेवा आणि त्यानंतर मशीनला विश्रांती द्या. तीनही डबे आजच वरच्या मजल्यावर न्या. पावसाळ्याची वाट बघू नका.

लक्ष्मीपुरी_छापखाना
डबे वर नेले. विश्रांतीचं मात्र कबूल करत नाही. कळंबा रोड, प्रत्येक फ्लॉपीवर काकांच्या अक्षरात नाव आणि साल आहे. 'पतसंस्था, ९२' अशा दोन आहेत, तुमची कुठली ते उघडल्यावरच कळेल.

पण उद्यमनगरचं वाचून काल शेजारच्या टीव्ही मेकॅनिक काकांना बसवून मशीन उघडलं. सेल काढला. तो फुटलेला नाही, पण एका टोकाला पांढरी पूड धरलीय. कपॅसिटरच्या पायांशी बोर्ड चिकट लागतो आणि मासळीसारखा वास येतोय. नवे कपॅसिटर बसेपर्यंत फ्लॉपी लावणार नाही. उद्यमनगर, रविवारी बोर्ड घेऊन आलो तर चालेल का?

उद्यमनगर_लेथ
या. अल्कोहोल आणि ब्रश माझ्याकडं आहे. कपॅसिटरवरचे आकडे आधी कागदावर उतरवून आणा.