लेब्रूनला मोझार्टच्या फूटपट्टीने मोजू नका

मंद्रसप्तक
परवा दुसऱ्या एका धाग्यावर लुडविग आउगुस्ट लेब्रूनला 'दुय्यम दरबारी रचनाकार' म्हणून एका ओळीत निकालात काढलं गेलं. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लेब्रून हा ओबोवादक आणि रचनाकार; ओबो म्हणजे सनईसारखं पत्तीचं, फुंकून वाजवायचं वाद्य. जन्म १७५२, जर्मनीतलं मानहाइम. वडीलही तिथल्या दरबारात ओबोवादक. पोरगा बाराव्या वर्षी तिथला राज्यकर्ता इलेक्टर कार्ल थिओडोर याच्या वाद्यवृंदात आला आणि काही वर्षांतच कायम झाला. चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीतलेखक १७७२ साली तिकडे जाऊन आला. त्याने या वाद्यवृंदाला सेनापतींची फौज म्हटलं, कारण वाजवणाऱ्यांतले कितीतरी जण स्वतः रचनाही करत. लेब्रून त्या फौजेतला. १७७८ मध्ये गायिका फ्रान्झिस्का डान्झीशी लग्न, त्याच सुमारास दरबार म्युनिकला हलला, आणि हे जोडपं मिलान, पॅरिस, लंडन, पुढे नेपल्स असं फिरत राहिलं. डिसेंबर १७९० मध्ये बर्लिनला तो वारला. वय अवघं ३८.

त्याचा डी मायनर या उदास छटेच्या स्वरपट्टीतला ओबो कॉन्चेर्टो, म्हणजे एकटा ओबो आणि वाद्यवृंद यांची रचना, ऐका. त्या काळी मायनरमधले कॉन्चेर्टो मोजकेच. नुसती बोटांची करामत दाखवायची असती तर मेजरमधलं काहीतरी हसरं लिहून तो मोकळा झाला असता. इथे वाद्यवृंद सुरुवातीपासूनच खवळलेला आहे, आणि ओबो आला की तेच दुःख एकट्याचं होऊन जातं. हे दुय्यम माणसाचं काम नाही.

तिसरी_घंटा
तो 'दुय्यम' शब्द माझा होता आणि मी त्यावर ठाम आहे.

सुरुवात दमदार आहे, मान्य. पण ओबो सुरू झाला की वाद्यवृंदाचं काय होतं ते बघा. सगळे मागे सरकतात आणि फक्त आधार धरून ठेवतात. संवाद जवळजवळ नाहीच. आता मोझार्टचं १७८१ चं ओबो क्वार्टेट घ्या, म्हणजे ओबो आणि तीन तंतुवाद्यांची रचना. तेही म्युनिकमध्ये लिहिलेलं, तेही मानहाइमच्याच फ्रीडरिश राम या ओबोवादकासाठी, म्हणजे लेब्रूनच्या सहकाऱ्यासाठी. शेवटच्या भागात तंतुवाद्यं सहा-आठच्या लयीत चालू राहतात आणि ओबो मधेच चार-चारमध्ये शिरतो. काही मात्रा दोन्ही लयी एकमेकींवर चालतात आणि तरी काही तुटत नाही. वाद्य तेच, दरबार तोच, काळ तोच. तुलना केली तर अन्याय कसला?

पत्तीवाला
दोघांच्याही वादात वाद्य राहून जातंय.

लेब्रूनचा ओबो आजच्यासारखा चाव्यांनी भरलेला नव्हता. लाकडी नळी, चाव्या साधारण दोन, बाकी सगळा कारभार उघड्या छिद्रांवर. त्यात एफ हा स्वर सरळ निघत नाही. चार बोटं ठेवायची, पाचवं उचलायचं आणि सहावं पुन्हा ठेवायचं. बी फ्लॅटलाही अशीच मधलं बोट उचलून केलेली आडवी पकड लागते. असे स्वर जरा झाकलेले, घशातून आल्यासारखे येतात. आणि डी मायनरला एफ आणि बी फ्लॅट हे दोन्ही स्वर पदोपदी लागतात! म्हणजे डी मायनरची उदासी आधी नळीतच आहे. लेब्रून रोज हे हाताळत होता, त्याला हे पक्कं ठाऊक असणार. आजच्या ओबोवर सगळे स्वर एकसारखे उजळ निघतात, त्यामुळे अर्धी रचना आपल्याला ऐकूच येत नाही. सनईवर बोटाने छिद्र अर्धं झाकून काढलेला स्वर ज्यांनी जवळून ऐकलाय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

तिसरी_घंटा
@पत्तीवाला, माहिती फार मोलाची आहे, पण ती माझ्याच बाजूने जाते. मोझार्टच्या त्या क्वार्टेटचा संथ भागही डी मायनरमध्येच आहे. राम हाही तसाच जुना ओबो वाजवत होता. त्या जेमतेम ३७ मापांत (तालाच्या आवर्तनांत) मोझार्ट जे साधतो, ते लेब्रूनला अख्ख्या कॉन्चेर्टोत साधलेलं नाही.

रेवदंडेकर
मला एका गोष्टीचा खरंच राग येतोय. फ्रान्झिस्का 'लग्न' या एका शब्दात आली आणि संपली.

३ ऑगस्ट १७७८ ला मिलानचं ला स्काला हे ऑपेरागृह उघडलं ते सालिएरी या रचनाकाराच्या 'एउरोपा रिकोनोशूता' या ऑपेराने, आणि त्यात ती प्रमुख गायिकांपैकी एक होती. व्हायोलिनच्या साथीने वाजवायचे कीबोर्ड सोनाटा तिने लिहिले आणि लंडनमध्ये छापलेही. बर्नीने लिहून ठेवलंय की नवरा-बायको तिसऱ्या स्वराच्या अंतराने जोडीने गात-वाजवत, तेव्हा वरचा आवाज कुणाचा, गळ्याचा की ओबोचा, हे कळत नसे. त्याचा सूर तक्रारीचा होता: ओबो ऐकून ऐकून हिचा गळा वाद्यासारखा झालाय. मला यात उलटंही दिसतं. लेब्रूनच्या ओबोची लांब, श्वास राखून चाललेली ओळ गायिकेच्या सहवासातून आली असणार. तुम्ही त्याची रचना तोलताय तर तिचा वाटाही धरा. मे १७९१ मध्ये, त्याच्यामागे पाच महिन्यांत, तीही बर्लिनमध्येच गेली. वय ३५.

मंद्रसप्तक
@रेवदंडेकर, अगदी मनापासून धन्यवाद. आणि @तिसरी_घंटा, याच मुद्द्यावर तुम्हाला उत्तर आहे.

हा माणूस गावोगाव फिरून वाजवत होता. नवं शहर, अनोळखी वादक, तालमीला वेळ अपुरा. अशा वेळी साथीचा भाग गुंतागुंतीचा ठेवला तर प्रयोग बुडायचा. मोझार्टने रामसाठी लिहिलं तेव्हा ओबोच्या जोडीला फक्त तीन तंतुवाद्यं होती, शेजारी बसून जुळवून घेता येतील अशी. लेब्रूनचा वाद्यवृंद मागे सरकतो तो कसब कमी पडलं म्हणून नाही. ओबोला गायिकेची जागा दिलीय म्हणून तो सरकतो. ऑपेरातल्या आरियात, म्हणजे एकट्या गायकाच्या गाण्यात, वाद्यवृंद आधार धरतो, तेव्हा आपण त्याला दुय्यम म्हणतो का?

तिसरी_घंटा
आरियाचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर मला विचार करावा लागेल. प्रवासाचं कारण मात्र मला पुरत नाही. घाईत वाजवायला सोपं लिहूनही साथीत चार चांगल्या जागा ठेवता येतात, मानहाइमच्याच लोकांनी ठेवल्या आहेत.

पत्तीवाला
मग असं करा. जुन्या पद्धतीच्या ओबोवर वाजवलेलं ध्वनिमुद्रण शोधा. आधी मोझार्टचा संथ भाग, लगेच पाठोपाठ लेब्रूनच्या डी मायनरची पहिली एंट्री. दोन्हीकडे फक्त एफवर कान ठेवा आणि मग इथे लिहा.