हळद-मिरीने फुफ्फुसाचा कॅन्सर पसरायचा थांबतो म्हणे!

शेवग्याची_शेंग:
परवा इथे एक पोस्ट आली, की हळदीतलं कर्क्युमिन आणि लक्ष्मणफळ घेतलं तर फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी पसरत नाहीत, "संशोधनाने सिद्ध". खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. तिथे लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं म्हणून वेगळा धागा.

ते संशोधन म्हणजे काय असतं ते सांगते, कारण मी हे काम केलंय. ए-५४९ नावाच्या पेशी, १९७२ मध्ये एका माणसाच्या ट्यूमरपासून तयार केलेल्या, आज जगभरच्या लॅबमध्ये वाढतात. प्लेटमध्ये त्यांचा थर वाढवायचा, पिपेटच्या टोकाने मधोमध ओरखडा काढायचा आणि दुसऱ्या दिवशी तो किती भरला ते बघायचं. कर्क्युमिन घातलं की कमी भरतो. झालं, लागलीच हेडलाइन "मेटास्टॅसिस रोखला"! प्लेटमध्ये आपण १०-२० मायक्रोमोलर (द्रवात किती विरघळलंय ते मोजायचं एकक) ओततो, आणि माणसाने रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन गिळलं तरी रक्तात जेमतेम २ च्या आसपास सापडलंय. हळदीत ते ३ टक्के धरलं तर रोज पाव किलो हळद. घ्या, खा.

हळकुंड:
आलं, हळदीला नावं ठेवणारं आणखी एक आलं. हीच हळद १९९५ ला अमेरिकेत पेटंट करून बसले होते ना, माशेलकरांनी लढून १९९७ ला रद्द करून घेतलं तेव्हा कुठे शुद्धीवर आलो आपण. त्यांना कळतं किंमत, आपल्याला नाही. आणि माझ्या मामांना चौथ्या स्टेजला डॉक्टर म्हणाले फार वेळ नाही, मामांनी हळद-मिरी-तूप सुरू केलं, आज गावात भजनाला टाळ घेऊन उभे असतात. हे कुठल्या प्लेटमध्ये बसवता बोला.

शेवग्याची_शेंग:
ते पेटंट जखमेवर हळद लावायचं होतं हो, कॅन्सरचं नव्हे. मामांचं ऐकून बरं वाटलं, मनापासून. दुसरं काही औषध चालू होतं का त्यांना?

हळकुंड:
केमो नाही घेतली. रोजची एक साधी गोळी होती फक्त.

दुपारचा_चहा:
"साधी गोळी" 😂 अहो ईजीएफआर म्युटेशन (कॅन्सरच्या पेशीला वाढायला लावणारा जनुकातला बदल) निघालं असेल, त्यावर नेमकी चालणारी जेफिटिनिब किंवा तसलीच काहीतरी गोळी दिली असेल. काम त्या गोळीने केलं आणि सत्कार हळदीचा! आणि जरा सांभाळून, मिरीतलं पिपेरिन लिव्हरमधलं जे एन्झाइम अडवतं त्याच वाटेने या गोळ्या शरीराबाहेर जातात. भाजीतल्या मिरीचं काही नाही, पण पिपेरिनच्या कॅप्सूल घेताना डॉक्टरांना सांगायला नको?

हळकुंड:
म्हणजे पिपेरिनचा परिणाम होतो हे मान्य! बंगळूरच्याच लोकांनी १९९८ मध्ये दाखवलंय की मिरीसोबत कर्क्युमिन २० पट शोषलं जातं.

शेवग्याची_शेंग:
हो, दाखवलंय. जवळजवळ शून्याच्या २० पट. आणि कर्क्युमिनचा एवढा डंका पिटणारे ह्यूस्टनचे भरत अग्रवाल, त्यांचे डझनाहून जास्त पेपर जर्नल्सनी मागे घेतलेत, ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

मावशीची_भाची:
हळदीचं सोडा, लक्ष्मणफळावर बोला. माझ्या मावशीने त्या फळापायी ऑपरेशन दोन महिने पुढे ढकललं, कारण फॉरवर्डमध्ये होतं "केमोपेक्षा १०,००० पट". फळवाला सांगेल तो भाव, घरात कुणी बोलायची सोय नाही, बोललं की "तुला मावशीपेक्षा पैसे जास्त झाले का". दोन महिन्यांनी स्कॅन केला तेव्हा गाठ दुसऱ्या बाजूलाही होती. आणि नंतर वाचलं की कॅरिबियनमधल्या ग्वाडलूप बेटावर ही फळं आणि पानांचा काढा घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारखा आजार जास्त दिसला, १९९९ पासून त्यावर लिहिलं जातंय, फळातल्या अ‍ॅनोनासिन नावाच्या द्रव्यावर संशय आहे. नैसर्गिक म्हणे.

हळकुंड:
मावशींचं वाईट वाटलं. पण त्यात हळदीचा काय दोष?

शेवग्याची_शेंग:
दोष "नैसर्गिक आहे, अँटिऑक्सिडंट आहे, नुकसान तर नाही ना" या वाक्याचा आहे. २०१९ मध्ये स्वीडनच्या मार्टिन बेर्यो यांच्या गटाने फुफ्फुसाचा कॅन्सर असलेल्या उंदरांना व्हिटॅमिन ई आणि एन-असेटिलसिस्टिन ही अँटिऑक्सिडंट दिली, तर कॅन्सर जास्त पसरला. पेशींवरचा ऑक्सिडेशनचा ताण कमी झाला की बाक-१ नावाचं प्रोटीन टिकून राहतं, ते पेशीला साखर जाळायला लावतं आणि त्या जोरावर ती दुसरीकडे जाऊन घर करते. म्हणजे ज्याला आपण संरक्षण म्हणतो ते ट्यूमरलाही मिळतं.

हळकुंड:
वा! आमची प्लेट चालत नाही, तुमचे उंदीर चालतात.

दुपारचा_चहा:
मग माणसं घ्या. फिनलंड, २९,१३३ पुरुष, सगळे सिगारेट ओढणारे. बीटा-कॅरोटीनच्या (गाजरातलं अँटिऑक्सिडंट) गोळ्या मिळालेल्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त, १९९४ ला छापून आलं. अमेरिकेत तसलीच ट्रायल १९९६ ला मुदतीआधी बंद करावी लागली.

हळकुंड:
बरं बाई, बरं. गोळ्या नकोत. पण गाजर खाऊन कुणाला काही झालं नाही ना? आहारात जास्त असलेल्यांना त्याच फिनलंडमध्ये धोका कमी दिसला होता, ते सोयीने गाळलंत.

शेवग्याची_शेंग:
बरोबर आहे. गाजर खा.

खानदेशी_ठेचा:
तुम्ही दोघं भांडताय पण झाडातून औषध येतच नाही असं नाही ना. टॅक्सॉल हे केमोचं औषध यू झाडाच्या सालीतलं, आज फुफ्फुसाच्या कॅन्सरला देतात, आणि ते शोधणाऱ्या जोडीतले मनसुख वाणी आमच्या नंदुरबारचे! १९६६ ला कॅम्प्टोथेसिन (हेही झाडातलंच कॅन्सरविरोधी द्रव्य), १९७१ ला टॅक्सॉल, मन्रो वॉल यांच्यासोबत अमेरिकेत. आम्हाला शाळेत कुणी नाव सांगितलं नाही. क्रिकेटर असता तर चौकात पुतळा असता.

घाटवाट:
कॅम्प्टोथेसिन काढलंतच म्हणून सांगतो, ते आपल्या नरक्या झाडात आहे, आणि त्यापायी सह्याद्रीतला नरक्या संपवत आणलाय. आंबोली, राधानगरी, महाबळेश्वर, रात्री तोडतात, तुकडे करून पोत्यात भरतात. नुसती पानं घेऊन भागत नाही, खोड-मुळं लागतात, म्हणजे झाडच जातं. कॅम्प्टोथेसिनपासून टोपोटेकान हे औषध बनतं, स्मॉल सेल (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) परत उलटला की देतात.

खानदेशी_ठेचा:
तोडतात कोण? स्थानिकच ना.

घाटवाट:
मोळीमागे चार पैसे मिळणारा दिसतो तुम्हाला, ट्रक घेऊन येणारा दलाल नाही दिसत? या एकदा पावसाळ्यात, जळवा लावून घ्या मग बोला.

खानदेशी_ठेचा:
जळवांची भीती नंदुरबारवाल्याला नका दाखवू, सातपुडा बघितलाय. लागवड का करत नाही मग कोकणात? काजू लावता ना?

घाटवाट:
काजू तिसऱ्या वर्षी फळ देतो, याला वाढवून तोडेपर्यंत शेतकऱ्याने खायचं काय? आणि स्वतःच्या बांधावरचं तोडलं तरी ते जंगलातलं नाही हे सिद्ध करत फिरायचं.

मावशीची_भाची:
धागा कुठून कुठे गेला.

हळकुंड:
नरक्यावर वेगळा काढा की. मामांना फोन केला होता, गोळीचं नाव ओसिमर्टिनिब आहे, चहा म्हणाले तसली ईजीएफआरवरचीच. हळद बंद करणार नाही म्हणाले. कॅप्सूलचं डॉक्टरांना विचारतील, ते पण मी मागे लागलो म्हणून.