वसंतात आधी अळंबी, मग गळ

पहाटे गळ टाकून बसायचं आणि ऊन वर आलं की अळंबी शोधायला रानात शिरायचं, असा क्रम मासेमारी आणि अळंबी एकाच दिवशी करण्याबद्दलच्या एका लेखात सुचवलाय. भर उन्हाळ्यात तो बरोबर आहे, पण वसंताच्या सुरुवातीला आम्ही मित्र नेमकं उलटं करतो. रात्रीच्या थंडीने पहाटे पाणी गारठलेलं असतं. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे त्याची भूकही मंदावते. दुपारी उथळ, गाळाचा काठ सगळ्यात आधी तापतो, पाण्यातले किडे हलायला लागतात आणि मासे तिथे चरायला येतात. दोन वर्षं पहाटे कुडकुडून रिकाम्या हाताने परतलो, तेव्हा कुठे हे ध्यानात आलं.

आणि त्याच लेखातलं 'सुरकुतलेली टोपी दिसली की गुच्छीच (मोरेल ही खाण्याजोगी रानअळंबी) समजा' हे तर अजिबात पटलं नाही. तिच्यासारखी दिसणारी विषारी खोटी गुच्छीही वसंतातच उगवते आणि तिच्यातल्या जायरोमिट्रिन या द्रव्यापासून पोटात गेल्यावर जे विष तयार होतं, त्याने जीवही जाऊ शकतो. आम्ही प्रत्येक अळंबी उभी चिरतो. खरी गुच्छी टोकापासून देठाच्या बुडापर्यंत सलग पोकळ असते, खोटीत कापसासारखा गर किंवा वेडेवाकडे कप्पे दिसतात. एकाने चिरायचं, दुसऱ्याने पाहायचं. कुणालाही शंका आली तर वाद न घालता टाकून द्यायची. मित्र सोबत असण्याचा हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. खरी गुच्छीसुद्धा कच्ची बाधते हं, नीट शिजवूनच खा, आणि पहिल्यांदा खात असाल तर अगदी थोडी.