पीएल (पगारी रजा) कार्डावर लाल पेनने 17 चे 13 केले, वर गणपतीतल्या गुरुवारच्या सुट्ट्याही कापल्या. मदत हवी आहे

सीएनसीवाला | 20 सप्टेंबर 2025

नमस्कार मंडळी,

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं कायम कामगार आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मान्यताप्राप्त युनियन आहे, तीन-तीन वर्षांचे करार होतात. मागच्या करारात दर 15 हजर दिवसांमागे एक पीएल ठरली होती. तो करार 31 मार्चला संपला. मागणीपत्र देऊन झालंय, बोलणी चालू आहेत, म्हणजे चहा-बिस्किटं चालू आहेत.

2024 मध्ये माझी हजेरी 262 दिवस. जानेवारीत टाइम ऑफिसने (हजेरी-रजेचा हिशोब ठेवणारं खातं) कार्डावर 17 पीएल चढवल्या, मागच्या शिल्लक 9, एकूण 26. जूनमध्ये नवे एचआर मॅनेजर आले. 14 जुलैला सहज कार्ड बघायला गेलो तर 17 वर लाल पेनची काट आणि बाजूला 13. सही नाही, शेरा नाही. विचारलं तर उत्तर, "करार संपला, आता कायद्याप्रमाणे वीसला एक."

गणपती तोंडावर होते, म्हणून गप्प बसलो. घर राजापूर तालुक्यात. रजा अडवली असती तर काय करणार होतो? 5 ऑगस्टला अर्ज दिला, 25 ऑगस्ट ते 3 सप्टेंबर, मंजूर झाला. 27 ला चतुर्थी, ती कंपनीच्या पगारी सुट्ट्यांच्या यादीत आहे. 28 ला गुरुवार, आमची साप्ताहिक सुट्टी. 2 तारखेला गौरी-गणपती पोचवले, 3 ला रात्रीची एसटी धरली, 4 ला पुन्हा गुरुवार, 5 ला पहिल्या पाळीला हजर. आणि कार्डावर पीएल पडल्या 11! चतुर्थी धरली, मधला गुरुवार धरला, आल्यानंतरचा गुरुवारही सोडला नाही. टाइम ऑफिसवाला म्हणतो, सिस्टीममध्येच "सँडविच" लावलंय, म्हणजे रजेला लागून आलेली सुट्टीही रजाच धरायची. शिल्लक दाखवतात 11. माझ्या हिशोबाने 18 पाहिजे.

शेजारच्या लाइनवरच्या पोराचं तर शून्यच केलंय. गेल्या वर्षी 233 दिवस हजर आणि 9 दिवस लेऑफ (काम नाही म्हणून कंपनीनेच बसवलं). म्हणे, "वर्षाचे 240 दिवस भरले नाहीत, म्हणून पीएल नाही."

कमिटी मेंबर म्हणतात, दोन-चार सुट्ट्यांसाठी पगारवाढ अडकवू नकोस, आधी करार होऊ दे. मला विचारायचंय की एचआरचं म्हणणं कायद्यात बसतं का, आणि नसेल तर एकट्याने काही करता येतं का?

हिंजवडीकर | 20 सप्टेंबर

कायद्यात वीसला एकच आहे, एचआर बरोबर बोलतोय. आणि सँडविच आमच्याकडेही आहे, सगळीकडेच असतं.

निवृत्त टाइमकीपर | 21 सप्टेंबर

हिंजवडीकर, तुमच्या ऑफिसला दुकाने व आस्थापना कायदा, यांच्याकडे कारखाने अधिनियम 1948. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

कलम 79 मध्ये वीसला एक आहे, खरं. पण त्याच्या आधीचं कलम 78 कोणी वाचत नाही. करारात किंवा निवाड्यात जास्त रजा असेल तर ती जास्तीचीच मिळते. वीसला एक हा तळ आहे, छत नव्हे. 240 ची अट भरली की हजर दिवसांना भागायचं, अर्धा किंवा जास्त उरला तर पूर्ण दिवस धरायचा, कमी असेल तर सोडायचा. 262 ला 15 ने भागलं की 17.47, म्हणून 17. जानेवारीत कार्ड लिहिणाऱ्याला हिशोब येत होता.

सँडविचचं उत्तर कलम 79 च्याच स्पष्टीकरणात आहे. रजेच्या मधे, आधी किंवा शेवटी येणारी सुट्टी रजेत मोजायची नाही. तुमचे दिवस 25, 26, 29, 30, 31, 1, 2 आणि 3. झाले आठ. मी तीस वर्षं हेच केलं, हाताने, रजिस्टरवर. सिस्टीम आली म्हणून कलम बदलत नाही.

त्या पोराचे लेऑफचे 9 दिवस 240 च्या मोजणीत धरायचे असतात. त्या दिवसांवर रजा चढत नाही, एवढंच. 233 आणि 9 म्हणजे 242. अट भरली. रजा 233 वर काढायची, 15.53, म्हणजे 16.

तिसरी पाळी | 21 सप्टेंबर

मी आमच्या युनियनचा दोन टर्म सेक्रेटरी होतो, भोसरीला. करार संपला म्हणजे अटी हवेत जात नाहीत. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत संपली तरी, करार संपवायची लेखी नोटीस देऊन दोन महिने होईपर्यंत तो बांधून ठेवतो. त्यानंतरही नवा करार जागा घेईपर्यंत जुन्या सेवाशर्ती चालू राहतात. एलआयसी विरुद्ध डी. जे. बहादूर, सर्वोच्च न्यायालय, 1980, बोनसच्या भांडणातला निकाल. शिवाय पगारी रजा याच औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे, ती कमी करायची तर कलम 9 ए ची 21 दिवसांची नोटीस लागते. लाल पेन म्हणजे नोटीस नव्हे.

पण तुमच्या बाबतीत एवढंही लांब जायला नको. या 17 पीएल तुम्ही 2024 मध्ये कमावल्या. तेव्हा करार जिवंत होता ना? मग 31 मार्च 2025 चा आणि त्यांचा संबंध काय? घाम गाळून झाला, कार्डावर चढून झालं, आता मागे जाऊन खोडता येत नाही. कमिटीलाही हेच सांगा. हा नव्या मागणीचा विषयच नाही.

करार न पाळणं ही एमआरटीयू-पल्प (युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांवरचा महाराष्ट्राचा वेगळा कायदा) कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतली नववी बाब, अनुचित कामगार प्रथा. औद्योगिक न्यायालयात कामगार स्वतःही तक्रार करू शकतो. मुदत 90 दिवस. उशीर माफ होतो, पण कारण पटवावं लागतं. 14 जुलैपासून मोजलंत तर 12 ऑक्टोबर येते, मधे नवरात्र आणि दसरा.

आधी टाइम ऑफिसला लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. कार्डाचा फोटो काढलाय ना?

सीएनसीवाला | 21 सप्टेंबर

फोटो 14 जुलैलाच काढलाय, लाल शाई स्पष्ट दिसते. शिक्क्याचं सुचलं नव्हतं. उद्या अर्ज देतो, त्या पोराचाही लिहून घेतो.

हिंजवडीकर | 22 सप्टेंबर

माझा शब्द मागे. कलम 78 खरंच कधी पाहिलं नव्हतं.

सीएनसीवाला | 9 ऑक्टोबर

कळवायचं राहिलं होतं. अर्ज घ्यायलाच तयार नव्हते, मग रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला आणि प्रत जनरल सेक्रेटरींना दिली. तिसरी पाळी यांचा "2024 मध्ये कमावल्या" हा मुद्दा त्यांना लगेच पटला. पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतः विषय काढला. सँडविचच्या 3 पीएल परत आल्या, शिल्लक 14. आमच्या लाइनवर आणखी सात जणांच्या आल्या, त्यांनी अर्जही केला नव्हता. पोराचं शून्य जाऊन 12 झालं, म्हणजे तिथेही वीसनेच भागलंय. लाल पेनने कापलेल्या माझ्या 4 वर मात्र "वरिष्ठांशी बोलून सांगतो" चालू आहे. युनियनचे वकील उद्या तक्रार दाखल करतायत, दोघांची एकत्र.

निवृत्त टाइमकीपर | 3 डिसेंबर

धागा वर काढतोय. 21 नोव्हेंबरपासून केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या, वर सांगितलेले कारखाने अधिनियम आणि औद्योगिक विवाद कायदा यांच्या जागी. त्यात पगारी रजेसाठी 240 ऐवजी 180 दिवसांची अट आहे, दर मात्र वीसला एकच. तुमच्या एचआरने अजून सिस्टीममध्ये 240 ठेवलं असेल तर जानेवारीत कार्ड भरायच्या आधी विचारून ठेवा. त्या 4 चं काय झालं?

सीएनसीवाला | 4 डिसेंबर

तारीख पडलीय, काका. आणि कार्ड आता टाइम ऑफिसवाला पेन्सिलने लिहितो.