आईच्या मणक्यात स्क्रू बसवायचेत, हाडं मात्र ठिसूळ. सल्ला हवा

सई_कऱ्हाडकर:
मंडळी, आई ६८ वर्षांची. कमरेचा चौथा मणका (एल४) पाचव्यावर (एल५) पुढे सरकलाय. कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापर्यंत जाईस्तोवर पाय भरून येतात, मग कट्ट्यावर टेकते. सर्जन स्क्रू-रॉड घालून मणके जोडायचं म्हणतात. डेक्सात, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीत, कमरेच्या मणक्याचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे १.४, खुब्याचा मात्र उणे २.९. मणक्याचा बरा आहे म्हणून गप्प बसायचं का? स्क्रूभोवती सिमेंट भरतात, ते करून घ्यावं का?

ओटीतली_ताई:
सई, खुब्याचाच आकडा धरा. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. वयानं मणक्याच्या कडांना हाड वाढतं, ते डेक्सात मोजलं जातं आणि मणका आहे त्यापेक्षा दणकट दिसतो. कमरेचा सीटी झाला असेल तर त्यावरून एल१ची, म्हणजे कमरेच्या पहिल्या मणक्याची, घनता काढून मागा (एमआरआयवरून नाही निघत). ११० हाउन्सफील्ड युनिटच्या (सीटीवरचं घनतेचं माप) खाली आली तर शंका पक्की.

स्क्रू पेडिकलमधून, म्हणजे मणक्याच्या मागच्या अरुंद खांबातून, पुढे जातो. हाडाच्या आतली जाळी विरळ असली की वाकता-उठताना तो डुगडुगत भोक मोठं करतो. जाड स्क्रू जास्त धरतो, पण फार जाड घातला तर पेडिकलच तडकतं. सिमेंटनं पकड नक्की वाढते; मात्र ते शिरेत शिरून फुफ्फुसापर्यंत जाऊ शकतं. बहुतेकांना कळतही नाही, क्वचित गंभीर होतं. आणि पुढे तो स्क्रू काढायची वेळ आली तर घाम फुटतो. म्हणून सरसकट नको, गरज असेल तिथेच.

खमंग_पोहे:
नाचणी आणि हाडजोडीचा काढा सुरू करा. सासूबाईंना गुण आला.

ओटीतली_ताई:
नाचणी खाऊ द्या हो, पण तिच्यानं स्क्रू धरणार नाही.

निवृत्त_मास्तर:
आमच्या बंधूंची हाडं कोणी तपासलीच नव्हती. वर्षाच्या आत स्क्रू ढिले, शिवाय जोडलेल्या भागाच्या लगेच वरचा मणका दबला. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं झालं. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी टेरिपॅराटाइड हे हाड वाढवणारं इंजेक्शन दिलं, रोज २० मायक्रोग्रॅम, पोटावर टोचायचं. महाग पडतं. थांबता येत असेल तर थांबून हाड तयार करा, एवढंच सांगेन.

ओटीतली_ताई:
मास्तरांशी सहमत. फक्त पाऊल लुळं पडणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आईंना पूर्वी कॅन्सर किंवा रेडिएशन झालं असेल तर इंजेक्शनाआधी सांगा. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या. आणि सर्जनना एक विचारा: स्क्रू न घालता नुसती नस मोकळी करून भागेल का? मणका हलता नसेल तर काहींना तेवढं पुरतं.

सई_कऱ्हाडकर:
लघवीचा त्रास नाही, कॅन्सर नाही. सीटीची सीडी कपाटात सापडली, सोमवारी नेते. इंजेक्शनचं पेन फ्रीजमध्ये ठेवतात ना? आमच्याकडे रोज दोन तास लाइट जाते.

ओटीतली_ताई:
तेवढा वेळ फ्रीजचं दार उघडू नका, गारवा टिकतो. बर्फाच्या कप्प्यात मात्र चुकूनही नको.