मामा तलावाचं क्षेत्र उपग्रहचित्रात घटलेलं दिसतंय: गाळ, अतिक्रमण की मोजणीची चूक?

धानबांधी: अर्जुनी मोरगाव तालुक्यातला मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला तलाव) आहे. नोव्हेंबर १९९५ च्या लँडसॅट ५ उपग्रहाच्या चित्रावर एमएनडीडब्ल्यूआय (हिरव्या आणि अवरक्त बँडवरून काढलेला पाण्याचा निर्देशांक; शून्याच्या वर म्हणजे पाणी) काढून शून्याच्या वरचे पिक्सेल (चित्राचे ३० मीटरचे चौकोन) मोजले तर ९० भरले, म्हणजे ८.१ हेक्टर. नोव्हेंबर २०२३ च्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रावर तेच केलं तर ५.२ हेक्टर. हे ग्रामसभेत मांडायचं आहे. "तलाव गाळानं भरला" असं म्हणता येईल का?

पाळ_आणि_सांडवा: भाऊ, एवढ्यावरून नाही. ३० मीटरच्या पिक्सेलनं ८ हेक्टरचा गोलसर तलाव मोजला, तर ९० पैकी चाळीसेक पिक्सेल काठावर येतात, म्हणजे अर्धं पाणी, अर्धी माती. त्यातले दहा इकडचे तिकडे झाले की ०.९ हेक्टरचा फरक पडला. सेंटिनेलचा हिरवा बँड १० मीटरचा असला तरी बँड ११ (अवरक्त) हा २० मीटरचा, त्यामुळे तिथंही काठ घोटाळा करतोच. २०२३ साठी लँडसॅट ८ घ्या म्हणजे दोन्ही ३० मीटरवर येतील. आणि एकेका चित्रावर विसंबू नका. दोन्ही काळातले पाच-पाच नोव्हेंबर काढा, शेजारी त्या-त्या वर्षीचा तालुक्याचा पाऊस लिहा. पाऊस सारखा असलेली वर्षंच एकमेकांशी ताडा. लँडसॅट ७ ची मे २००३ नंतरची चित्रं पट्ट्यापट्ट्यांची आहेत, ती टाळा.

तरीही २.९ हेक्टरची तूट नुसत्या काठानं भरून निघत नाही. काहीतरी बदललंय हे नक्की.

रोवणी२४: माझा पहिला संशय बेशरमवर (तलावात माजणारं झुडूप). पाण्यावर बेशरम किंवा जलपर्णी पसरली की एमएनडीडब्ल्यूआय शून्याखाली जातो आणि खाली पाणी असूनही जमीन दिसते. १९९५ च्या हद्दीच्या आत एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) काढा, पण नोव्हेंबरचा नको. तेव्हा धान उभा असतो, पुढं लाखोळी (कडधान्य) हिरवी राहते, मग उन्हाळी धान येतो. मे संपता-संपता बांध्या (धानाची शेतं) रिकाम्या होतात. त्या वेळी हद्दीच्या आत ०.४ च्या वर जे उरेल ते बहुतेक बेशरमच. पिकाचा आलेख चढतो-उतरतो, बेशरमचा वर्षभर फारसा हलत नाही.

एक खबरदारी: २५ जानेवारी २०२२ पासूनच्या सेंटिनेल-२ चित्रांत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा केले नाहीत तर एनडीव्हीआय खोटा कमी येतो. एमएनडीडब्ल्यूआयचं चिन्ह मात्र त्यानं बदलत नाही, म्हणून ५.२ हा आकडा त्या चुकीमुळे आलेला नाही.

पाळ_आणि_सांडवा: बेशरमचं बरोबर. आता गाळाचं बोलू, कारण इथंच बहुतेक जण फसतात. भरलेल्या तलावाची पातळी सांडव्याचा (जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेचा) माथा ठरवतो. गाळानं आधी खोली जाते, पसारा बराच काळ तेवढाच राहतो. उलट सांडवा फुटला असेल तर गाळ नसतानाही दरवर्षी क्षेत्र कमी येईल. आधी तो जाऊन बघा.

गाळाची खूण तलाव लवकर आटण्यात असते. २०१७ पासून सेंटिनेल-२ पाच दिवसांआड मिळतो. ऑक्टोबर ते मे दर ढगविरहित चित्राचं क्षेत्र काढा आणि भरल्या क्षेत्राच्या निम्म्यावर तलाव कोणत्या तारखेला येतो ते नोंदवा. सिंचनाला पाणी सोडलं की आलेखात एकदम पायरी पडते. बाष्पीभवनाचा उतार संथ असतो. पायऱ्या वगळूनही ती तारीख वर्षागणिक आधी येत असेल तर गाळाचा संशय घ्यावा. पक्कं ठरवायला डोंग्यातून दोरीला वजन बांधून २०-२० मीटरवर खोली मोजावी लागेल.

अतिक्रमण काठावरून ओळखू येतं. पाणी जिथून येतं त्या उथळ बाजूला काठ वाकडातिकडा असायला हवा. तिथं सरळ रेषा आणि काटकोन दिसले की नवे बांध पडलेत. पण गाळपेर (तलावाच्या उघड्या तळात घेतलेलं पीक) आणि कायमची बांधी यांत गल्लत नको. गाळपेर पाणी ओसरल्यावर होते आणि भरल्या तलावात बुडते.

धानबांधी: गावनकाशा चित्रावर ठेवायचा तर क्यूजीआयएसमध्ये (नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये) कोणतं यूटीएम झोन (नकाशाच्या मापनाचा पट्टा)?

रोवणी२४: ४४ उत्तर. अमरावती, अकोल्याकडं ४३. नकाशा चित्रावर बसवायला पाळीची (तलावाच्या बांधाची) टोकं, जुन्या विहिरी, रस्त्याचे फाटे असे निदान सहा बिंदू तलावाच्या चहूबाजूंनी घ्या. सगळे एकाच बाजूला घेतले तर दुसरी बाजू सरकते, आणि वाद नेमका त्याच काठावर होतो.